पुराची मदत खात्यावर पडेपर्यंत: पंचनाम्यापासून केवायसीपर्यंत काय काय बघायचं

आण्णांच्या मोबाईलवर २,००० रुपये जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा घरात सगळ्यांनी तो पीएम किसानचा हप्ता समजून सोडून दिला. मी आपला महिनाभर तलाठी ऑफिसला हेलपाटे मारतोय, पुराचे पैसे कधी पडणार म्हणून, आणि एक दिवस तिथल्या माणसानं स्क्रीन फिरवून दाखवली, अहो तुमचे कधीच पडलेत. तेच २,०००. चाळीस गुंठे ऊस आठ दिवस पाण्याखाली होता आणि यादीत क्षेत्र काय लिहिलंय तर ०.०४. म्हणजे चार गुंठे. चार गुंठ्याचे हिशोबानं ६८० रुपये होतात पण बागायतीला किमान २,००० द्यायचा नियम आहे म्हणून तेवढे तरी आले, आणि नेमका आकडा पीएम किसानसारखाच असल्यामुळं कुणाला संशय पण आला नाही.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, रान नदीकाठची मळी, एकीकडनं पंचगंगा नि दुसरीकडनं कृष्णा. २०१९ ला बुडलो, २०२१ ला बुडलो, मधल्या वर्षात पण थोडंफार पाणी शिवारात फिरतंच. त्यामुळं गल्लीतले मदतीचे कागद आता माझ्याकडंच येतात आणि त्यातनं एकच गोष्ट कळलीय. साहेबाला भेटून, पुढाऱ्याला फोन करून मदत मिळत नसते. सरकारच्या यादीत तुमच्या नावाची एक ओळ असते: नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, पीक, आधार. ती ओळ बरोबर असली की पैसे येतात, चुकली की मंत्री आला तरी येत नाहीत. तेव्हा पहिल्यापासनं शेवटपर्यंत त्या ओळीवर नजर ठेवायची. खाली जे लिहिलंय ते सगळं त्यासाठीच.

पाणी यायच्या आधी

कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं की इशारा आणि ४३ ला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाबी पाठ आहे. ३९ ची बातमी आली की आपण जनावरं हलवतो, धान्याची पोती माळ्यावर टाकतो. त्याच दिवशी रानात जाऊन चार फोटो काढा. मोबाईलमध्ये जीपीएस कॅमेऱ्याचं ॲप मिळतं, त्यात फोटोवर तारीख, वेळ आणि लोकेशन छापून येतं. बांधावरनं एक, विहीर किंवा विजेचा खांब असली काहीतरी खूण दिसेल असा एक, आणि पिकाचा जवळनं एक. पाणी आल्यावरचे फोटो सगळेच काढतात, पण आधीचं पीक कसं उभं होतं हे कुणाकडंच नसतं.

कागद म्हणाल तर ताजा सातबारा, ८अ (नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), आधार, पासबुकाचं पहिलं पान, एवढंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून वरच्या कपाटात ठेवा, २०१९ ला आमच्या शेजाऱ्यांचे सगळे कागद ट्रंकेत होते आणि ट्रंक जमिनीवर होती.

फार्मर आयडी, म्हणजे आधारशी जोडलेला शेतकऱ्याचा ओळख नंबर, मात्र पावसाळ्याच्या आधीच काढून ठेवा. २०२५ च्या जुलैपासून आपत्तीच्या मदतीसाठी तो बंधनकारक केलाय. नुसता काढून भागत नाही, त्यात तुमचे सगळे गट जोडलेत का ते बघा. लोक एका गटावर आयडी काढून मोकळे होतात आणि बुडालेलं रान दुसऱ्याच गटातलं निघतं.

ई-पीक पाहणीचा, म्हणजे मोबाईलवरनं आपलं पीक सातबाऱ्यावर नोंदवायचा, कंटाळा लोकांना लई. खरिपाची पाहणी साधारण ऑगस्टमध्ये चालू होते आणि पूर येतो जुलै-ऑगस्टात, म्हणजे पुष्कळदा पीक कुजल्यावर पाहणीची वेळ येते. तरी पण करा. सातबाऱ्यावर पड दिसत असेल आणि तुम्ही ऊस बुडाला म्हणत असाल तर पंचनामा करणारा माणूस पण अडचणीत येतो, त्याला वरून विचारणा होते.

सातबाऱ्यावर आजोबा अजून जिवंत आहेत?

हे वेगळं सांगतोय कारण सगळ्यात जास्त पैसे इथंच अडकतात. जमीन आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन बारा वर्षं झाली, वारस नोंद नाही. अशा वेळी मदत कुणाच्या आधारवर सोडणार? पूर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा उन्हाळ्यातच तलाठ्याकडं वारसाचा अर्ज द्या. २०२५ ला सरकारनं जिवंत सातबारा म्हणून मोहीमच काढली होती, त्यात पुष्कळांच्या नोंदी झाल्या, ज्यांच्या राहिल्या त्यांनी आता करा.

दुसरं, सामाईक खातं. तीन भाऊ, दोन बहिणी, सगळ्यांची नावं एका सातबाऱ्यावर आणि हिस्से पाडलेले नाहीत. मग एकाच्या नावावर पैसे घ्यायला बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. बहीण निपाणीला दिलेली, दुसरी पुण्यात, एक भाऊ बोलत नाही. हे सगळं पाणी ओसरल्यावर चार दिवसात जमत नाही बघा. गणपतीला नाहीतर जत्रंला सगळे एकत्र येतात तेव्हाच सह्या घेऊन ठेवलेल्या बऱ्या, आणि सह्या घेताना पैशाची वाटणी कशी होणार ते पण त्याचवेळी बोलून घ्या, नंतर भांडणं होतात.

वाट्यानं किंवा खंडानं कसणाऱ्यांना मात्र यात काहीच नाही, पैसे सातबाऱ्यावर नाव असेल त्याच्याच खात्यावर जातात. मालक चांगला असला तर निम्मे देतो. मला हे बरोबर वाटत नाही, घाम एकाचा नि मेसेज दुसऱ्याला, पण आज तरी नियम तसाच आहे.

पंचनामा

पाणी ओसरलं की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघं मिळून पंचनामा करतात. कागदावर आता तिघांचीही पदनावं बदललीत, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण चावडीवर जाऊन असं कुणाला विचारलं तर तो तुमच्याकडंच बघत बसंल. एकेका तलाठ्याकडं दोन-दोन गावांचा चार्ज असतो, त्यामुळं ते प्रत्येक बांधावर येतीलच असं नाही, कधी कधी चौकात बसून याद्या होतात. तुम्ही घरात बसून राहिला तर ओळ दुसऱ्याच्या अंदाजानं भरली जाणार. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख येते, कोतवालाला विचारलं तरी सांगतो, त्या दिवशी काम बाजूला ठेवून हजर राहा.

नियम असा की पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याच्या वर असलं तरच मदत. भात, सोयाबीन, भुईमूग याचं कळायला वेळ लागत नाही, सोयाबीन तर दोन-तीन दिवस पाण्यात राहिलं की पिवळं पडून बसतं. गडबड होते ती उसाची. पाणी उतरल्यावर पहिले काही दिवस ऊस लांबनं हिरवाच दिसतो, पाल्यावर गाळ बसलेला असतो एवढंच. बघणारा म्हणतो ठीक आहे की ऊस. पण पाणी शेंड्यावरनं गेलेलं असलं तर आत पोंगा, म्हणजे शेंड्यातला कोवळा कोंब, कुजायला लागलेला असतो. तुम्ही एक करा, पंचनाम्याला आलेल्या माणसाला सरीत घेऊन जा, पाच-सहा ठिकाणचा पोंगा धरून वर ओढा. अलगद हातात आला आणि बुडाला कुजका वास आला की शेंडा मेला, तो ऊस आता वाढत नाही, नुसत्या कांड्यावरच्या डोळ्यातनं पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, फुटत राहतात. हे हातात दिल्यावर कुणी वाद घालत नाही. लगेच पंचनामा झाला असेल आणि कूज नंतर कळली तर फोटो जोडून तहसीलदारांकडं फेरपंचनाम्याचा अर्ज द्या, त्याची पोच घ्या.

आता त्या ओळीचं. पंचनाम्यावर सही करायच्या आधी क्षेत्र वाचा. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं आणि आपण बोलतो गुंठ्यात. एक आर म्हणजे जवळपास एक गुंठा, म्हणून चाळीस गुंठे ०.४०, चार गुंठे ०.०४, सव्वा एकर म्हणजे ०.५०. आमच्यावेळी घाईत शून्याची जागा बदलली, लिहिणाऱ्याचा काही वाईट हेतू नव्हता, एका दिवसात त्यानं दोनशे ओळी भरल्या असतील. पण सही आण्णांची होती. गट नंबर वाचा, पोटहिस्सा वाचा, पीक कुठलं लिहिलंय ते वाचा, आणि पानाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या. फोटो काढू देत नाही असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगायचं की माझ्याच नावाचं आहे साहेब.

किती मिळतात

दर काही कायमचा नाही आणि यातच लोकांचा गोंधळ होतो. केंद्राच्या निकषात जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००, मर्यादा दोन हेक्टर. राज्य सरकारनं २०२४ च्या जानेवारीत ते वाढवून १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले, तीन हेक्टरपर्यंत. मग २०२५ च्या मे महिन्यात परत जुन्या दरावर आणि दोन हेक्टरवर आणलं. त्याच वर्षी मराठवाड्यात हाहाकार झाल्यावर ऑक्टोबरच्या पॅकेजात मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाणाला म्हणून हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर केले. म्हणजे प्रत्येक आपत्तीचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, वेगळा. स्टेटसवर फिरणारा तक्ता बघून हिशोब करू नका, त्या वेळचा महसूल व वन विभागाचा जीआर शासनाच्या वेबसाईटवर मिळतो तो डाऊनलोड करा, त्याचं पुढं पण काम आहे.

१७,००० हेक्टरी म्हणजे गुंठ्याला १७० रुपये झाले. आमच्या रानात गुंठ्याला दीड-दोन टन ऊस निघतो आणि टनाला तीन हजाराच्या वर दर आहे. तुम्हीच हिशोब घाला. ही नुकसानभरपाई नाहीच, सरकार पण तिला निविष्ठा अनुदानच म्हणतं, म्हणजे बी-खताला हातभार. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा संताप कमी होतो, सगळा नाही होत.

आणखी एक, ही मदत आणि पीकविमा वेगवेगळं आहे. विमा ज्यानं भरला त्याला, मदत विम्याशिवाय पण. आणि ऊस आपल्याकडं पीकविम्यात बसतच नाही, त्यामुळं ऊसवाल्याला ही एवढीच वाट आहे.

पिकाशिवाय जे लोक मागायचंच विसरतात

रानात तीन इंचाच्या वर गाळ बसला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,०००, आणि नदीनं काठच कातरून जमीन खरवडून नेली असेल तर हेक्टरी ४७,०००, दोन्ही अल्प आणि अत्यल्पभूधारकाला, म्हणजे दोन हेक्टरच्या आतल्याला. आपल्याकडं बहुतेक सगळे त्यातच बसतात. पण पंचनाम्यात पिकाबरोबर हे वेगळं लिहून घ्यावं लागतं, आपोआप कुणी लिहीत नाही.

दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००. जनावर दगावलं तर पुरायची घाई करू नका, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा पंचनामा आधी. कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो काढा, आता बिल्ला नसेल तर पहिला प्रश्न तोच येतो. बिल्ला मारून घेतला नसेल तर दवाखान्यात सांगून ठेवा.

मोटर, केबल, पाईपलाईन वाहून गेली तर नेहमीच्या निकषात त्याला दरच नाही. एखाद्या पॅकेजमध्ये वेगळं काही दिलं तर दिलं, २०२५ च्या पॅकेजमध्ये विहिरीला ३०,००० दिले होते. म्हणून पंचनाम्यात लिहून मात्र घ्या, उद्या निर्णय निघाला तर नोंद तरी असंल.

यादी, केवायसी आणि बँक

पंचनामे झाले की तलाठी याद्या पोर्टलवर भरतात, तहसीलदार मंजूर करतात, वर जातात, आणि मग प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक पडतो, त्यालाच सगळे व्हीके नंबर म्हणतात. ती यादी ग्रामपंचायतीत लागते. यादी लागली की पहिल्या दिवशी जा. नुसतं नाव आहे का बघून परत येऊ नका, ओळ पूर्ण वाचा.

व्हीके नंबर घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधारचा अंगठा देऊन केवायसी करायची. फार्मर आयडी मंजूर असलेल्यांना २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये यातनं सूट दिली होती, तेव्हा तुमच्या वेळी लागते का ते आधी विचारा. आण्णांचा आयडी तेव्हा मंजूर व्हायचा होता. ते गेले, अंगठा दिला, पावती घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवली आणि आले. त्या पावतीवर ०.०४ स्वच्छ छापलेलं होतं. स्क्रीनवर माहिती दिसते तेव्हाच चूक असेल तर तक्रार नोंदवता येते, ती तहसीलदारांकडं जाते. अंगठा लावला म्हणजे मान्य आहे असं होतं. म्हणून म्हाताऱ्या माणसांबरोबर घरातलं एखादं वाचणारं पोर पाठवा. राबून राबून म्हाताऱ्यांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन घेत नाही, तेव्हा केंद्रवाल्याला दुसरी बोटं लावून बघायला सांगा, नाहीतर आधार केंद्रात बोटांचे ठसे अपडेट करून घ्या.

पैसे पासबुकातल्या खाते नंबरवर येत नाहीत, आधारवर येतात, हे अजून लई जणांना माहीत नाही. तुमचं आधार ज्या एका बँकेशी जोडलेलं असेल तिथंच पडतात. आणि बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडलं असं नाही, केवायसीला आधार देणं वेगळं आणि डीबीटीसाठी, म्हणजे सरकारचे पैसे थेट खात्यावर यायला, आधार सीडिंग वेगळं, त्याचा वेगळा फॉर्म असतो. आधारच्या वेबसाईटवर ओटीपी टाकून बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, कुठली बँक आहे ते दिसतं. आमच्या चुलत्यांचे पैसे सहा महिने शोधत होतो, सोसायटीच्या खात्यावर नाहीत, नेहमीच्या बँकेत नाहीत, शेवटी स्टेटस बघितलं तर गॅसच्या सबसिडीला म्हणून कधीतरी उघडलेलं खातं निघालं, त्याचं पासबुक पण हरवलेलं. पैसे तिथं निवांत पडून होते.

तरीही नाही आले तर

आधी व्हीके नंबर टाकून पेमेंटची स्थिती बघा. केवायसी बाकी, आधार जोडलेलं नाही, खातं बंद, असं कारण तिथं दिसतं, ते ज्याचं त्याच्याकडं जाऊन दुरुस्त करायचं. बँकेच्या चुकीसाठी तलाठ्यावर ओरडून काही होत नाही आणि तलाठ्याच्या चुकीला बँक काही करू शकत नाही.

नाव यादीतच नसलं किंवा क्षेत्र चुकलं असलं तर तहसीलदारांच्या नावानं साधा अर्ज लिहा. अर्ध्या पानाचा. गट नंबर, खरं क्षेत्र, यादीतलं क्षेत्र, सोबत सातबारा, पंचनाम्याचा फोटो, रानातले फोटो. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घेऊन घरी आणा. तोंडी सांगून आलो याला काही अर्थ नसतो. हलत नसेल तर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याला लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, असतो, तिथं नाही झालं तर जिल्ह्याला पहिल्या सोमवारी. आणि माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा अर्ज, माझ्या गटाच्या पंचनाम्याची आणि यादीतल्या नोंदीची प्रत द्या म्हणायचं, ३० दिवसात उत्तर द्यावं लागतं. पुष्कळदा प्रत मागितल्यावर फाईल आपोआप सापडते.

पैसे पडले पण बँकेनं किंवा सोसायटीनं थकीत कर्जात वळते करून घेतले, असं पण होतं. जीआरमध्ये साफ लिहिलेलं असतं की ही रक्कम कर्जवसुलीला वळती करायची नाही. डाऊनलोड केलेला तो जीआर इथं लागतो, त्या ओळीवर पेनानं रेघ मारून मॅनेजरच्या टेबलावर ठेवायचा, लेखी अर्ज सोबत. भांडायला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये.

आमच्या अर्जावर फेरतपासणी झाली, पुरवणी यादी गेली, आणि सात महिन्यांनी राहिलेले ४,८०० रुपये आले. आण्णांनी मेसेज दाखवून विचारलं, हा आता कुठला हप्ता?